"खालचे दात कोण बघतंय?" – फक्त वर तार लावायची की दोन्हीकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, वरच्या समोरच्या दोन दातांमधे फट, त्यातला एक दात जरा पुढे आलेला, खालचे दात "थोडे वाकडे आहेत पण बोलताना दिसत नाहीत". घराजवळच्या डेंटिस्टनी सांगितलं फक्त वर तार लावू, ६ महिने, २२ हजार. नंतर एका ऑर्थोडॉन्टिस्टना (वाकडे दात सरळ करणारे स्पेशालिस्ट) दाखवलं तर ते म्हणाले वर-खाली दोन्हीकडे लावावी लागेल, दीड वर्ष, ४५ हजार. तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरमधे तुमचं स्वतःचं लग्न, म्हणजे हातात आठ-नऊ महिने. आणि शेवटी विचारलंय की दुसरे डॉक्टर पैसे काढायला सांगतायत का.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस करून १७ वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा या शब्दांत, "मॅडम, वरचंच लावा, खालचे दात कोण बघतंय?" बरोबरच आहे, कोणी बघत नाही. पण वरचे दात दिवसातून शेकडो वेळा त्या खालच्या दातांवर जाऊन टेकतात, गिळताना, खाताना, झोपेत, त्यामुळे खालचे दात दिसले नाहीत तरी वरच्यांना ते चांगलेच जाणवतात.

तुमचा प्रश्न पैशाचा वाटतो, पण मला तो वेगळा दिसतो. दोन्ही डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या गोष्टींचे भाव सांगितलेत. पहिल्यांनी फट बंद करण्याचा सांगितला, दुसऱ्यांनी बाईट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकतात तो मेळ, बसवण्याचा. तुमच्या तोंडात पहिली गोष्ट दुसरीशिवाय टिकणार का, एवढंच ठरवायचं आहे. टिकणार असेल तर २२ हजारवाले डॉक्टर बरोबर आणि दुसऱ्यांनी जास्तीचं काम सांगितलं असं म्हणता येईल, टिकणार नसेल तर ते २२ हजार पाण्यात. न बघता यातलं कुठलं ते मी सांगू शकत नाही. पण ठरवतात कसं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा काय विचारायचं ते कळेल.

आधी एक साधी गोष्ट. स्टीलचा डबा आणि त्याचं झाकण डोळ्यासमोर आणा. झाकण डब्यापेक्षा किंचित मोठं असतं आणि बाहेरून बसतं. वरचे दात म्हणजे झाकण, खालचे म्हणजे डबा. आता झाकणाची कड जरा फाकलीय, तुम्हाला ती आत घ्यायचीय. डबा सरळ असेल आणि झाकण-डब्यात थोडी मोकळी जागा असेल तर झाकण ठोकून आत घेता येतं, काही प्रॉब्लेम नाही. पण डब्यालाच एका बाजूला पोचा आलाय आणि दुसरीकडे फुगवटा आहे, तर झाकण कितीही गोल करा, बसवायला गेलं की त्या फुगवट्यावर अडणार, आणि जोर लावून बसवलं तर चार दिवसांत परत फाकणार. दातांचंही तेच होतं, फक्त चार दिवसांऐवजी चार महिने लागतात.

म्हणून मी पहिल्यांदा बघते ते फट किती आहे हे नाही, वरच्या दातांच्या मागे जागा किती आहे हे बघते. फट बंद करायची म्हणजे दात एकमेकांकडे सरकवायचे आणि बहुतेक वेळा थोडे आत घ्यायचे. अंदाजे हिशोब असा, की समोरचे दात १ मिमी आत गेले की ओळीतली साधारण २ मिमी जागा संपते. म्हणजे तुमची फट २ मिमीची असेल आणि ती दात आत घेऊन बंद करायची असेल तर दात साधारण १ मिमी मागे जाणार. तो १ मिमी मागे आहे का? की तिथे आधीच खालचे दात टेकून उभे आहेत?

हे घरी बघता येतं. आरशासमोर बसा, एकदा थुंकी गिळा आणि मागच्या दाढा एकमेकांवर टेकवून ठेवा. समोरचे दात मुद्दाम जुळवायला जाऊ नका, बायका-पुरुष सगळेच आरशासमोर जबडा पुढे काढून "हे बघा जुळतायत" करतात, त्यात काही कळत नाही. दाढा टेकलेल्या असताना वरच्या समोरच्या दातांची मागची बाजू आणि खालच्यांची पुढची बाजू यांच्यामधे खालून एक आगकाडी, गुल नसलेल्या बाजूने, जाते का बघा. आगकाडी साधारण २ मिमी जाड असते. आरामात गेली तर मागे जागा आहे. टोकही शिरलं नाही तर वरचे दात खालच्यांना आधीच चिकटून आहेत आणि आत जायला रस्ता बंद आहे. (आम्ही जो ओव्हरजेट, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते, मोजतो तो दाताच्या पुढच्या बाजूपासून मोजतो, त्यात वरच्या दाताची जाडी धरलेली असते, म्हणून रिपोर्टवर २-३ मिमी लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष रिकामी जागा शून्य असू शकते. तेच नॉर्मल आहे. नॉर्मल माणसाचे दात टेकलेलेच असतात.)

दुसरं, तशाच दाढा टेकवून ओठ बाजूला करा आणि खालचे समोरचे दात किती दिसतात ते बघा. वरच्या दातांनी खालच्यांचा वरचा एक तृतीयांश भाग झाकणं ठीक. निम्म्याहून जास्त झाकलेले असतील, किंवा खालचे दिसतच नसतील, तर तो डीप बाईट. फट असलेल्या लोकांमधे डीप बाईट मला भरपूर सापडतो आणि बऱ्याच वेळा फटीमागचं एक कारण तोच असतो, खालचे दात वरच्यांना मागून ढकलत राहतात. वरचा दात मागच्या बाजूने उतरता असतो, हिरडीकडे जाल तसा जाड होत जातो. खालचा दात जेवढा वर घुसलाय तेवढा तो त्या जाड भागाला भिडतो. अशा तोंडात फक्त वर तार लावून दात आत ओढायचे म्हणजे भिंतीला टेकलेलं कपाट अजून मागे सरकवायचं.

इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. प्रॅक्टिसचं दुसरं-तिसरं वर्ष असेल, इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, अडीच मिमीची फट, कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर, आणि घरून पैसे फक्त वरच्यापुरते मिळालेले. डीप बाईट मला दिसत होता, मी त्याला बोललेही, पण तो "मॅडम फक्त फट घालवा" म्हणाला आणि मी ऐकलं. पाच महिन्यांत फट बंद, मुलगा खूश, मी खूश. दात परत हलू नयेत म्हणून मागून पक्की रिटेनरची तार चिकटवून दिली. तीन आठवड्यांत तार सुटली म्हणून आला, परत चिकटवली. परत सुटली. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी चिकटवायच्या आधी नीट बघितलं, तर तारेवरचा कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाचा भरायचा मसाला) गोळा एका बाजूने घासून सपाट झालेला, गुळगुळीत, आणि तारेवर एक चकचकीत रेघ, बरोबर जिथे खालचा दात येऊन आदळत होता तिथे. दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटवणारा निळा कागद चावायला दिला तर मोठा निळा ठिपका तारेवरच. म्हणजे तो रोज जेवताना माझी तार कुरतडत होता आणि मी दर वेळी सिमेंटला दोष देत होते. चौथ्यांदा आला तेव्हा फट अर्धी उघडली होती. मग खाली तार लावून बाईट उघडला (म्हणजे खालचे दात वरच्यांच्या मागे कमी घुसतील असं केलं), वर परत लावली, वर्षभर काम केलं, पैसे घेतले नाहीत कारण घ्यायचं तोंड नव्हतं. तेव्हापासून डीप बाईटमधे "फक्त वर" ला मी सरळ नाही म्हणते, पेशंट गेला तरी चालेल.

तिसरी गोष्ट, खालचे दात "थोडे वाकडे" म्हणजे किती आणि कुठला. स्वच्छ स्टीलचा चमचा किंवा छोटा आरसा तोंडात धरून खालच्या ओळीचा वरून फोटो काढा, कोणाला तरी काढायला सांगा. सगळेच थोडे थोडे फिरलेले असतील तर फारसं काही नाही. पण एक दात ओळीच्या बाहेर ओठाकडे आलेला असेल तर तोच फुगवटा. बऱ्याचदा असं असतं की वरचा जो दात पुढे आलाय, त्याच्या बरोबर समोर खालचा बाहेर आलेला दात सापडतो, वरच्याला त्यानेच ढकललेलं असतं. तुमचा वरचा एकच दात पुढे आलाय म्हणता, म्हणून मला हे तपासून हवंय. एक करून बघा, त्या पुढे आलेल्या दातावर आणि हिरडीवर बोटाचं टोक हलकं ठेवा आणि दाढा दोन-तीनदा टकटक आपटा. बोटाला थरथर जाणवली, बाकीच्या दातांवर नाही पण त्यावर जाणवली, तर खालचा त्याला दर वेळी धक्का देतोय. तो दात वरून कितीही छान आत घ्या, धक्का देणारा तिथेच उभा आहे.

आता फटीकडे येऊ, कारण ती का आहे हे कळल्याशिवाय तार वर लावू, खाली लावू ही चर्चाच अर्धवट आहे. लहानपणापासून आहे की अलीकडे आलीय? दहावीचा, कॉलेजचा फोटो काढून बघा. आमच्याकडे आज्या म्हणतात फटीचे दात नशीबवान, आणि जन्मभर असलेली फट खरंच निरुपद्रवी असते, ती ठेवली तरी काही बिघडत नाही, हेही सांगून ठेवते. पण फट नवीन असेल, दोन-तीन वर्षांत वाढली असेल, तर तार कोणी लावतो म्हणाला तरी थांबा. मागे एक दुकानदार आले होते, चाळिशीच्या आतले, "मॅडम दात हळूहळू फाकतायत, क्लिप लावा". तंबाखू नाही, दात दिसायला पांढरेशुभ्र. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) काढला तर समोरच्या दातांभोवतीचं हाड निम्म्याच्या खाली उतरलेलं. त्यांना तारेच्या आधी हिरड्यांच्या डॉक्टरकडे पाठवावं लागलं, सहा महिने ती ट्रीटमेंट झाली, सूज गेली, रक्त यायचं थांबलं, मगच हलक्या तारेने दात गोळा केले. सुजलेल्या हिरडीत तार लावून दात ओढले असते तर उरलेलं हाडही गेलं असतं. २६ व्या वर्षी तुम्हाला हे असण्याची शक्यता कमी, पण ब्रश करताना रक्त येत असेल तर डॉक्टरना सांगा.

लहानपणापासूनची फट असेल तर वरचा ओठ वर उचलून ताणा. ओठाच्या आतून एक मऊ पट्टी दातांमधल्या हिरडीपर्यंत येते, तिला फ्रीनम म्हणतात. ओठ ताणल्यावर दातांच्या मधली आणि मागची हिरडी पांढरी पडली तर ती पट्टी फटीच्या आतपर्यंत गेलीय, ती नंतर छोट्या सर्जरीने सोडवावी लागते, आणि शक्यतो फट बंद केल्यावर, आधी नाही. तिसरं कारण दातांच्या साइजचं. वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे दोन कधी कधी जन्मतःच बारीक असतात, खुंटीसारखे. बोल्टन नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी १९५८ मधे चांगल्या बाईटच्या लोकांचे दात मोजून एक प्रमाण दिलं, की खालच्या समोरच्या सहा दातांची एकूण रुंदी ही वरच्या सहांच्या साधारण ७७ टक्के असते. आम्ही अजून तेच वापरतो. वरचे बारीक असले तर हे प्रमाण बिघडतं आणि मग वरचे सहा दात चिकटवून बसवले की ओळच आखूड पडते, खालच्यावर पुरत नाही. झाकण डब्यापेक्षा लहान. अशा वेळी खाली तार लावून काय करायचं ते वेगळं, पण खरा इलाज वरच्या बारीक दातांना कॉम्पोझिट लावून मोठं करण्यात असतो. काहींना तर तार लागतच नाही, फटीच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं कॉम्पोझिट लावलं की एका बैठकीत काम होतं. तुमचा एक दात पुढे आलेला आहे म्हणून नुसत्या कॉम्पोझिटने भागेल असं वाटत नाही, पण हा पर्याय दोघांपैकी कोणी सांगितला का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

मग फक्त एकाच ओळीला तार मी कधी लावते? लावते की. एक्केचाळीस वर्षांच्या बँकेतल्या एक बाई आल्या होत्या, कॉलेजात दोन्हीकडे तारा लावून झालेल्या, रिटेनर लग्नाच्या गडबडीत माहेरी राहिला तो राहिलाच, पंधरा वर्षांत वरचा एक दात फिरला. खालचे सरळ, दाढांचं कुलूप पक्कं बसलेलं, मागे आगकाडी जाईल एवढी जागा. वरच्या सहा दातांनाच ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, तार धरणारे छोटे तुकडे) लावले, दाढांना हातही लावला नाही, चार महिन्यांत संपलं. दाढांचं कुलूप म्हणजे काय तर, आरशात बघा, वरचा सुळा दाढा टेकल्यावर खालचा सुळा आणि त्याच्या मागची उपदाढ यांच्या बरोबर मधल्या खाचेत बसला पाहिजे. दोन्ही बाजूंना तसा बसत असेल तर मागचं सगळं जागेवर आहे असं धरायला हरकत नाही, आणि मग समोरचं छोटं काम एका ओळीत होण्याची शक्यता बरीच वाढते. सुळा त्या खाचेच्या पुढे असेल तर अख्खी वरची ओळच पुढे आहे, आणि ती मागे न्यायला वरच्या तारेवरून खालच्या तारेवर रबर लावावे लागतात. रबर एका टोकाला अडकवून काही होत नाही, दुसरं टोक खाली अडकवायला खाली ब्रॅकेट हवेत, एवढं साधं आहे ते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वरचा एखादा दात खालच्याच्या आत अडकलेला असेल तर समोर चार आणि दाढेला दोन एवढं लावून काही महिन्यांत बाहेर काढतो, तेही एकाच ओळीत. पडलेल्या दाढेच्या जागेत मागची दाढ कलंडली असेल तर ब्रिज किंवा इम्प्लांटच्या आधी ती उभी करतो, तेही तेवढ्याच भागात. त्यामुळे जो डॉक्टर "एका ओळीला कधीच लावत नाहीत" म्हणतो तोही चूक आणि "वरच वाकडे ना, मग वरच लावू" म्हणणारा तर जास्तच चूक.

उलटं, फक्त खाली लावा म्हणणारे लोकही येतात, तिशीनंतर खालचे दात गर्दी करायला लागतात तेव्हा. ("अक्कलदाढ ढकलतेय म्हणून झालं" असं सगळे म्हणतात, तिला उगाच बदनाम केलंय, अक्कलदाढ कधीच न आलेल्यांचेही खालचे दात वाकडे होतात.) तिथेही गणित तेच, वाकडे दात सरळ केले की त्यांना जास्त जागा लागते, ते पुढे येतात आणि पुढे वरचे दात उभे असतात. थोडी गर्दी असेल तर दोन दातांच्या मधलं इनॅमल जरा जरा घासून जागा करता येते, एका फटीत जास्तीत जास्त अर्धा मिमी, त्याच्या पलीकडे मी जात नाही.

मैत्रिणीला फक्त वर लावली आणि छान झालं, असं तुम्ही म्हणाल. दोन गोष्टी. एक, मैत्रिणीचा डबा सरळ असेल. दोन, ती मधल्या टप्प्यावर असेल. डीप बाईट असलेल्यांना आम्ही मुद्दाम आधी वर लावतो कारण खाली लावलं तर वरचे दात चावताना ब्रॅकेट उडवून टाकतात, मग तीन-चार महिन्यांनी जागा झाली की खाली. त्या तीन-चार महिन्यांतला सेल्फी बघून माझ्याकडे लोक आलेत "तिला तर वरचंच लावलंय" म्हणून.

आता पैसे. एका ओळीचे पैसे निम्मे का नाहीत हा दुसरा नेहमीचा वाद. ब्रॅकेटचा सेट हा खर्चातला छोटा भाग. दर महिन्याच्या चकरा तेवढ्याच, खुर्चीतला वेळ थोडाच कमी, मापं, एक्स-रे, रिटेनर सगळं लागतंच. म्हणून माझ्याकडे एक ओळ साधारण दोनाला जे लागतात त्याच्या साठ-सत्तर टक्के पडते. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी निम्म्यात सांगितलं, ते चांगलंच आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, आणि दुसऱ्यांचे ४५ हजारही आपल्याकडच्या भावाने वाजवीच आहेत. पण आधी वर करून सहा महिन्यांनी "आता खाली पण लावूया" असं झालं तर दोन्ही मिळून ४५ च्या वर जातं, शिवाय वर परत लावावी लागते ते वेगळं. पहिल्यांना एवढं मात्र विचाराच की खाली लागली तर ती किती आणि वरच्याचे धरून घेणार का, आणि फट परत उघडली तर काय.

आणि दोघांनाही एकच प्रश्न सारखाच विचारा: "काम संपल्यावर माझे वरचे दात खालच्यावर कुठे टेकतील?" ज्याला उत्तर माहीत आहे तो तुमच्या दातांचं मॉडेल किंवा स्कॅन हातात घेऊन दाखवेल, इथे एवढी जागा आहे, एवढी वापरणार, एवढी उरणार. जो "काळजी करू नका, एकदम सरळ होतील" म्हणेल त्याने बहुतेक वरची ओळच बघितलीय. मॉडेल, फोटो, ओपीजी आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे (त्याला "सेफ" म्हणतात), एवढं न काढता कोणी थेट ब्रॅकेट चिकटवायला घेतले तर उठून या, मग तो माझ्यासारखा एमडीएस (दातांच्या डॉक्टरची मास्टर्स डिग्री) असो की कोणी. पहिल्यांनी एक्स-रे काढला होता का ते तुम्ही लिहिलं नाहीये.

लग्नाचं. लोकांना वाटतं लग्नाच्या तारखेमुळे एका ओळीचं स्वस्त-झटपट काम निवडावं, मी उलट म्हणीन. फट बंद व्हायला फार वेळ लागत नाही, दात महिन्याला साधारण १ मिमी सरकतो, दात सरळ करून फट मिटेपर्यंत चार-पाच महिने धरा, दोन्हीकडे लावली तरी डिसेंबरपर्यंत फोटोत दिसणारं काम बऱ्यापैकी झालेलं असतं. डीप बाईट असेल तर आधी तो उघडावा लागतो, तेव्हा फट मिटायला अजून उशीर होतो, हे डॉक्टरना तारीख सांगून आधीच बोलून घ्या. उरतं ते बाईटचं, ते न दिसणारं. मी माझ्या नवऱ्या मुलींचे आणि मुलांचेही वरचे ब्रॅकेट लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी काढते, पारदर्शक रिटेनर देते, तो फक्त विधी, फोटो आणि जेवणापुरता काढायचा, बाकी दिवसभर-रात्रभर घालायचा, आणि सत्यनारायण, गोंधळ, फिरणं सगळं आटपून आल्यावर परत चिकटवते. थोडे जास्तीचे पैसे लागतात परत लावायचे, ते आधीच विचारून ठेवा. सिरॅमिकचे पांढरे ब्रॅकेटही आहेत, फक्त वर सिरॅमिक आणि खाली मेटल असं बरेच जण करतात, तेवढं बजेटमधे बसतं. डीप बाईटमधे खाली सिरॅमिक लावू नका, वरच्या दाताचं इनॅमल झिजतं त्याने.

अलाइनरचं (तारेऐवजी दातांवर घालायचे प्लास्टिकचे साचे) कोणीतरी सुचवेलच म्हणून तेही. प्लास्टिक असलं तरी गणित बदलत नाही. फक्त वरच्या ओळीचे अलाइनर मिळतात, जाहिरातीही खूप असतात, आणि मागे जागा नसेल तर तेही तसेच अडतात, वर दिवसाचे २२ तास घालायचे, जे लग्नाच्या खरेदीत कोणी करत नाही असा माझा अनुभव.

एक गोष्ट मात्र एक ओळ करा नाहीतर दोन, चुकत नाही. फट ही परत उघडायला टपलेली असते. दात हलवल्यावर हिरडीतले ताणलेले धागे पूर्ण बसायला वर्षभर लागतं, तोपर्यंत ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून फटीच्या पेशंटला मी मागून पक्की तार चिकटवतेच आणि ती काढायची नाही असं सांगते, वर रात्रीचा रिटेनर. आणि ही तार टिकायला मागे जागा लागते, ते इंजिनिअरिंगवाल्या मुलाचं वर सांगितलंच. म्हणजे खालचे दात तुमच्या दृष्टीने सरळ असले तरी कधी कधी खाली तार लावावी लागते ती नुसती यासाठी, की वरच्या रिटेनरला राहायला जागा मिळावी. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात हे असू शकेल, त्यांनी समजावून सांगितलं नाही ही त्यांची चूक, पण तेवढ्यावरून ते पैसे काढतायत असं मी म्हणणार नाही.

तुमच्या माहितीवरून मला काय वाटतं ते विचाराल तर, फट अधिक एकच दात पुढे अधिक खालचे थोडे वाकडे, या तिन्हीवरून माझा कल दोन्हीकडे लावण्याकडे आहे, साधारण सत्तर-तीस. आगकाडी आरामात गेली, खालचे दात नीट दिसले, सुळा खाचेत बसला आणि बोटाला थरथर लागली नाही, तर मी माझं मत बदलून २२ हजारवाल्यांकडे जा म्हणेन. चारपैकी एक जरी उलटं आलं तरी नाही.

फोटो टाकणार असाल तर हसतानाचा नको, त्यातून काही कळत नाही. दाढा टेकवून, ओठ दोन्ही बोटांनी बाजूला ओढून, एक समोरून आणि एकेक डावी-उजवीकडून, उजेडात खिडकीपाशी, आणि तो खालच्या ओळीचा चमच्यातला. चेहरा कापून टाका. ओपीजी असेल तर मोबाईलच्या स्क्रीनवर नका, खिडकीच्या काचेवर फिल्म धरून काढा, आणि त्यावरचं नाव झाका.